सिंकथिंग लावा, आणि प्रॉम्प्टला रंग द्या

आधी निकाल सांगते, कारणं मागून. घरात दोनाहून जास्त कंप्युटर असतील, त्यातला एखादा लिनक्सवर चालत असेल आणि आपल्या फायली परक्याच्या सर्व्हरवर ठेवायच्या नसतील, तर निवडलेली फोल्डरं सगळ्या कंप्युटरांवर सारखी ठेवणारं सिंकथिंग लावा. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, आणि एकदा नीट बसलं की महिनोन्महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही. पण ते लावाल त्याच दिवशी प्रत्येक मशीनच्या टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) प्रॉम्प्टही, म्हणजे आज्ञेआधी दिसणारा मजकूर, वेगळ्या रंगाचा करा. सिंकथिंगची ओळख करून देणारे हे सहसा सांगत नाहीत, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

मी मिरजेत घरून डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. दिवाळी अंकांचा मजकूर आषाढ-श्रावणापासून यायला लागतो आणि अंक छपाईला जाईपर्यंत एकेक लेख प्रूफाच्या तीन-तीन फेऱ्या खातो. घरात मशीनं चार. बाहेरच्या खोलीत जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंटवर. आमच्या ह्यांचे सोसायटीचे हिशेबही त्यावरच चालतात. माझ्या टेबलावर डेबियनचा (तेही लिनक्सच) लॅपटॉप. मुलानं पुण्याला जाताना मागे ठेवलेला मॅक मिनी, त्यावर मी पानं लावते. आणि माळ्यावर राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कंप्युटर, आणि त्याला जोडलेली यूएसबी डिस्क. नावं अनुक्रमे ओसरी, माजघर, अंगण आणि माळा.

"मावशी, ड्रॉपबॉक्स घे आणि मोकळी हो," असं भाचा म्हणाला होता. पण ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्याला मार्च २०१९ पासून तीनच उपकरणं जोडता येतात आणि जागा २ जीबी. गूगल ड्राइव्ह १५ जीबी देतो, पण लिनक्ससाठी त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅमच नाही. पैसे भरून यातून वाट निघते, नाही असं नाही. माझी अडचण दुसरी होती. माझ्याकडे येतं ते लोकांचं अजून न छापलेलं लिखाण. ते कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचं हे मी परस्पर कसं ठरवणार? लेखकाला विचारायला गेलं तर अर्ध्यांना प्रश्नच कळणार नाही आणि उरलेले नको म्हणतील.

सिंकथिंगमध्ये मधला सर्व्हर नसतो. याकोब बोर्ग यांनी ते गो भाषेत लिहायला घेतलं, पहिली आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये आली. प्रत्येक मशीनला ५६ अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. एका मशीनवर दुसऱ्याचा क्रमांक घालायचा, दुसऱ्यावर होकार द्यायचा, मग कुठलं फोल्डर वाटायचं ते ठरवायचं. दोन्हीकडून होकार असल्याशिवाय काहीही हलत नाही. एकाच वायफायवर असलेली मशीनं एकमेकांना आपोआप सापडतात. लॅपटॉप छापखान्यात नेला तर तिथूनही जोडणी होते. थेट नाहीच झाली तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरमधून मजकूर जातो, पण कुलूपबंद, त्यामुळे मधल्याला तो वाचता येत नाही. मोठी फाइल बदलली तरी ती पूर्ण जात नाही, बदललेले तुकडे तेवढे जातात. तुकडा लहानात लहान १२८ किलोबाइटचा.

मधला सर्व्हर नाही याची किंमतही आहे, आणि ती लावण्याआधी समजलेली बरी. दोन मशीनं एका वेळी चालू असली तरच त्यांच्यात देवाणघेवाण होते. सकाळी लॅपटॉपवर काम करून तो मिटला आणि दुपारी मॅक उघडला, तर मॅकला सकाळचं काही ठाऊक नसतं. म्हणून एक मशीन अष्टौप्रहर जागं लागतं. माझ्याकडे ते काम माळा करतो. वीज किरकोळ खातो, इन्व्हर्टरवर आहे, आणि त्याला ना पडदा ना कीबोर्ड. सिंकथिंगचं पान ब्राउझरमध्ये ८३८४ या पोर्टवर उघडतं, पण ते फक्त त्याच मशीनवरून. माळ्याचं पान बघायचं तर मी एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून काम करायच्या कुलूपबंद जोडणीच्या, बोगद्यातून बघते. पोर्ट सगळ्या घराला उघडं करण्याचा सल्ला नेटवर सर्रास दिसतो. तो ऐकायचाच असेल तर निदान पासवर्ड तरी घाला.

माळ्याचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. सिंकथिंग फायलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवू शकतं, पण बदल दुसऱ्या मशीनवरून आला असेल तरच. ज्या मशीनवर तुम्ही स्वतः फाइल बिघडवली तिथे जुनी प्रत राहत नाही. पुष्कळ जण लॅपटॉपवर आवृत्त्यांची सोय चालू करतात, लॅपटॉपवरच काम करतात आणि मग डॉट-एसटीव्हर्जन्स हे जुन्या प्रतींचं फोल्डर रिकामं का म्हणून विचारतात. माळ्यावर कोणी काम करत नाही, तिथे येणारा प्रत्येक बदल बाहेरचा, म्हणून तिथे सगळ्याची जुनी प्रत राहते. मी 'स्टॅगर्ड' पद्धत लावली आहे. पहिल्या तासात दर तीस सेकंदांना एक, पहिल्या दिवसात तासाला एक, महिनाभर दिवसाला एक आणि मग आठवड्याला एक अशा प्रती ती राखते, मुळात ठरवून दिलेली मुदत एक वर्षाची. लेखक जेव्हा "आधीच्या वेळी होतं तेच बरं होतं हो" असं सांगतात, तेव्हा मी माळ्यावर जाऊन त्या आठवड्याची प्रत उचलते.

लाइटचा प्रश्नही सिंकथिंगनं चांगला सोडवला आहे. वाटलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये ते डॉट-एसटीफोल्डर नावाची खूण ठेवतं. लाइट येऊन माळा चालू झाला पण यूएसबी डिस्क अजून जोडली गेलेली नसेल, तर फोल्डरची जागा रिकामी दिसते. एखादा भोळा प्रोग्रॅम यावरून 'सगळं पुसलं गेलं' असं समजून बाकीच्या मशीनांवरूनही पुसून टाकेल. सिंकथिंगला खूण दिसली नाही की ते फोल्डर थांबवतं आणि लाल अक्षरांत तक्रार करतं. ती लाल अक्षरं दिसली तर घाईनं नवी खूण बनवायला जाऊ नका. आधी डिस्क बघा.

आता रंगांकडे.

सिंकथिंग नीट बसलं की चारही मशीनांवर तेच फोल्डर, त्याच फायली, तोच मजकूर. टर्मिनल उघडलं की चौघांचे चेहरे एक. माझ्या पडद्यावर बहुतेक वेळ दोन-तीन टर्मिनल उघडी असतात, एक ह्या मशीनचं, एक एसएसएचनं माळ्याचं. फायली वेगळ्या होत्या तोवर एलएस (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं की आपण कुठे आहोत ते कळायचं, आता ती सोय गेली. आणि चूक महाग झाली, कारण एका जागी पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं. जुन्या आवृत्त्यांची साफसफाई माळ्यावर करायची असते, तीच आज्ञा ओसरीवर दिली तर चालू अंकाची फाइल जाईल. म्हणून माझा नियम असा की फायली सगळीकडे सारख्या, प्रॉम्प्ट मात्र कुठेही सारखा नाही. ओसरी हिरवी, माजघर केशरी, अंगण निळं, माळा लाल.

बॅश या शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलात आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रॉम्प्टचं रूप पीएस१ या एका व्हेरिएबलमध्ये असतं. रंगांचे आकडे जुने आहेत, १९७८ साली आलेल्या डेक कंपनीच्या व्हीटी१०० टर्मिनलच्या वळणाचे सांकेतिक क्रम आजही चालतात. ३१ लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. केशरी मूळच्या आठ रंगांत नाही. तो २५६ रंगांच्या पट्टीत २०८ क्रमांकाला मिळतो. रंगाचा संकेत लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश आणि चौकटी कंस घालायचे, म्हणजे बॅशला कळतं की ही अक्षरं पडद्यावर जागा घेत नाहीत. ते राहिले तर बॅश ओळीची लांबी चुकीची मोजतं, लांब आज्ञा लिहिताना ओळ स्वतःवरच चढते आणि वरचा बाण दाबून जुनी आज्ञा आणली की मागची दोन-चार अक्षरं चिकटून राहतात. पडद्यावर उरलेलं आणि प्रत्यक्षात चालणारं वेगळं असेल तर तो प्रॉम्प्ट साध्या काळ्यापांढऱ्यापेक्षा वाईट.

रंग ठरवणारी फाइल मी एकच ठेवली आहे, वाटलेल्या फोल्डरमध्येच. तिच्यात होस्टनेम (मशीनचं नाव) बघून रंग निवडणाऱ्या वीसेक ओळी आहेत. प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं त्या फायलीत) ही सामाईक फाइल वाचायची एक ओळ, बस. आख्खं होम फोल्डर कधीही सिंकथिंगला देऊ नका, ब्राउझरच्या कॅशेपासून सगळं भांडायला लागेल. आज्ञांचा इतिहासही देऊ नका. दोन मशीनं एकाच फायलीत लिहू लागली की तंटा ठरलेला. सिंबॉलिक लिंकबद्दलही (दुसरीकडच्या फायलीकडे बोट दाखवणारी खूण) एक सांगून ठेवते. सिंकथिंग लिंकच्या पलीकडे जात नाही, लिंक तेवढी लिंक म्हणून पाठवतं. तेव्हा खरी फाइल वाटलेल्या फोल्डरमध्ये आणि लिंक बाहेर, असंच ठेवायचं.

मॅकवर हे जसंच्या तसं चालत नाही. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं मूळ शेल झेडएसएच आहे आणि त्याच्या प्रॉम्प्टचं व्याकरण निराळं. इथे स्टारशिपचा विषय येतो, कारण मुलानं अंगणावर तेच लावून ठेवलं होतं.

स्टारशिप हा रस्ट भाषेत लिहिलेला प्रॉम्प्ट, २०१९ पासूनचा. बॅश, झेडएसएच, फिश, पॉवरशेल सगळ्यांत तीच एक सेटिंगची फाइल चालते, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण म्हणजे दोन सेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या आज्ञेला किती वेळ लागला ते तो आपणहून दाखवतो. दीडशे पानांची पीडीएफ बनवताना हे मला आवडलं. दिसायलाही देखणा. पण माझ्या कामाची जी एक गोष्ट, मशीनचं नाव, ती तो मुळात फक्त एसएसएचमधून आलात तरच दाखवतो. ते बदलता येतं, एका ओळीचं काम आहे. मशीनप्रमाणे रंग मात्र त्या एका फायलीत सहज जमत नाही, होस्टनेम बघून 'हा रंग घे' असं म्हणायची सरळ सोय तिच्यात नाही. मग प्रत्येक मशीनसाठी वेगळी फाइल करून तिचा पत्ता स्टारशिप-कॉन्फिग या व्हेरिएबलमध्ये द्यावा लागतो. चार मशीनांना चार फायली म्हणजे 'एकच फाइल सगळीकडे' हा गुण माझ्यापुरता संपला. शिवाय त्याच्या चित्रांसाठी नर्ड फॉन्ट लागतात. त्या फॉन्टांत फांद्या, कुलपं, बॅटऱ्या सगळं आहे, पण देवनागरी सहसा नाही. ती टर्मिनलला दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणावी लागते आणि ओळीत दोन जातींची उंची दिसते. डीटीपीवालीच्या डोळ्याला हे खुपतं. अंगणावर स्टारशिप राहू दिला आहे, बाकी तिघांवर बॅशच्या वीस ओळी पुरतात. घरात सगळीकडे एकच शेल असेल आणि मशीन एखाद-दुसरंच, तर स्टारशिपला माझी ना नाही.

टर्मिनल आणि देवनागरी हा जुना झगडा आहे. टर्मिनलचा सगळा संसार चौकटीच्या वहीसारखा, एका घरात एक अक्षर. आपल्याकडे पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. 'स्त्री' हे पाहायला एक अक्षर, आत सहा संकेत (युनिकोड या अक्षरांच्या आकडेपद्धतीतले). टर्मिनल रुंदी मोजतं एक, फॉन्ट काढतो दुसरी. फोल्डरचं नाव मराठीत असेल आणि ते प्रॉम्प्टमध्ये दिसत असेल, तर कर्सर आपल्या जागेवरून सरकतो. याला मी केलेला उपाय साधा आहे. प्रॉम्प्ट दोन ओळींचा. वरच्या ओळीत मशीनचं नाव आणि फोल्डरचा रस्ता, खालच्या ओळीत नुसतं डॉलरचं चिन्ह. वरची ओळ कितीही वाकडी दिसली तरी जिथे लिहायचं ती ओळ स्वच्छ राहते. एलएसचे उभे रकानेही देवनागरी नावांनी विसकटतात, म्हणून मी एका ओळीत एक नाव अशी सवय लावून घेतली. लांब यादीत नाव शेवटी येतं, तिथे काही बिघडत नाही. टर्मिनलांपैकी कोन्सोलमधली जोडाक्षरं मला वाचायला सगळ्यांत बरी वाटतात.

एलएस हल्ली नावात मोकळी जागा असली की नावाभोवती अवतरणचिन्हं लावतं, ही २०१६ पासूनची पद्धत. नको असेल तर एलएसला मोठा एन द्यायचा. गिटचं (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं) याहून वाईट. तिथे मराठी नाव मुळात दिसतच नाही, तीन-तीन आकड्यांची माळ दिसते. कोअर-कोटपाथ ही सेटिंग बंद केली की नावं वाचता येतात. आणि रंगीत आउटपुट फायलीत साठवू नका. एलएसचा रंग 'ऑटो'वर असेल तर फायलीत जाताना तो आपोआप गळतो, 'ऑलवेज'वर असेल तर संकेतांचा कचरा फायलीत उतरतो. पुष्कळ प्रोग्रॅम नो-कलर हे व्हेरिएबलही मानतात.

आता ऱ. माझ्या निम्म्या फायलींची नावं 'दुसऱ्या फेरीचं प्रूफ', 'तिसऱ्या फेरीचं प्रूफ' अशी असतात. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच संकेत म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन. मॅकच्या जुन्या फाइल सिस्टिमची रीत फोडून लिहिण्याची, लिनक्सवर सहसा जोडलेला असतो. साध्या आरसिंकनं (फोल्डरची नक्कल करणाऱ्या आज्ञेनं) मॅकवरून लिनक्सवर फायली नेल्या तर एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, डोळ्यांना अगदी सारख्या. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आयकॉन्व्ह नावाचा पर्याय आहे, त्यात मॅकची रीत सांगता येते, पण ते दर वेळी लक्षात ठेवायला हवं. सिंकथिंग हे स्वतः सांभाळतं. मॅकवर फोडलेलं नाव, लिनक्सवर जोडलेलं आणि वाटेत नेहमी जोडलेलंच. हिंदी किंवा मराठी नावं वापरणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. उरला एक गुंता, आणि त्यात सिंकथिंगचा इलाज नाही. काही कीबोर्डांवरून हाच चंद्राकार र हा र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि एक न दिसणारा जोडसंकेत मिळून लिहिला जातो. दिसायला तोच, पण युनिकोडच्या लेखी नाव वेगळं. बाहेरून आलेल्या फायलींची नावं मी म्हणून पुन्हा टाइप करते.

लांब नावांचंही एक गणित आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा एकेक संकेत तीन बाइट खातो, म्हणजे हाती पडतात ८५. काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून लेखाचं पूर्ण शीर्षक आणि लेखकाचं नाव घातलं तर ही मर्यादा जवळ येते. त्यातच तंट्याची फाइल झाली तर सिंकथिंग नावाला ३८ अक्षरांचं शेपूट जोडतं.

तंटा म्हणजे दोन मशीनांवर एकमेकांच्या नकळत तीच फाइल बदलणं. सिंकथिंग त्यातली कुठलीच प्रत टाकत नाही. जिची बदलाची वेळ जुनी, तिच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख, वेळ आणि मशीनच्या क्रमांकाची पहिली सात अक्षरं घालून ती बाजूला ठेवतं. (जुन्या डेस्कटॉपच्या आतला बटणसेल संपलेला असेल तर तो आधी बदला, नाहीतर मागे पडलेल्या घड्याळामुळे नवी प्रतही जुनी ठरेल.) कुठे काही बोंबाबोंब नाही, सूचना नाही, फाइल मुकाट पडून राहते. हा मला त्यातला सगळ्यांत मोठा उणेपणा वाटतो. अशा फायली एलएसमध्ये रंगवाव्यात म्हटलं तर एलएसचे रंग नावाच्या शेवटच्या भागावरच ठरतात, आणि इथे खूण मधोमध असते. ईझा नावाचं एलएसचं नवं भावंड आहे, २०२३ मध्ये एक्झाचं काम थांबल्यावर लोकांनी पुढे नेलेलं, त्याला मधल्या खुणेवरूनही रंग देता येतो.

मी मात्र हेही प्रॉम्प्टवरच सोपवलं. दर दहा मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) फोल्डर चाळून अशा फायली मोजतो आणि आकडा एका छोट्या फायलीत लिहितो. ती फाइल अर्थातच वाटलेल्या फोल्डरच्या बाहेर, नाहीतर चार मशीनं त्या आकड्यावरूनच भांडतील. प्रॉम्प्ट तो आकडा वाचतो, शून्य असेल तर गप्प बसतो, नसेल तर मशीनच्या नावाआधी लाल पट्टीवर पांढरा आकडा. शोध प्रॉम्प्टमध्येच का नाही? कारण मग दर एंटरला डिस्क फिरेल आणि माळ्यावरची यूएसबी डिस्क त्या वेगाची नाही.

तंटे मुळात कमी व्हावेत म्हणून एक युक्ती आहे. लिब्रेऑफिस फाइल उघडली की शेजारी एक छुपी कुलूपफाइल बनवतं. वगळायच्या फायलींच्या तयार याद्यांत ती बहुधा असते. मी ती मुद्दाम जाऊ देते. माजघरात मी लेख उघडून बसले असेन आणि ह्यांनी ओसरीवर तोच उघडला, तर त्यांना 'ही फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे' असं दिसतं. वगळायची यादी ज्या डॉट-एसटीइग्नोर फायलीत असते ती स्वतः मात्र इकडून तिकडे जात नाही. म्हणून खरी यादी साध्या नावाच्या फायलीत ठेवायची आणि प्रत्येक मशीनवरच्या एसटीइग्नोरमध्ये तिला इन्क्लूड करणारी एकच ओळ. गिटचे संग्रह सिंकथिंगमध्ये ठेवू नका, त्यांची ने-आण गिटनंच करावी.

फोनबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवरचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. सिंकथिंग-फोर्क नावानं दुसऱ्यांनी चालवलेलं आहे, मी ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडारातून घेतलं, चार्जिंगला आणि घरच्या वायफायवर असतानाच चालेल असं लावलं. लेखकांनी हातानं दुरुस्त केलेल्या प्रूफांचे फोटो त्यातून येतात. फोनवर फोटो पुसला की इकडचाही जातो, 'फक्त पाठवा' असं लावलं तरी, म्हणून आलेले फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये उचलून ठेवावे लागतात. आयफोनवाल्यांना मोबियस सिंकसारखं बाहेरचं ॲप घ्यावं लागेल.

सिंकथिंग कोणाला नको? ज्यांना गिऱ्हाइकाला दुवा पाठवून फाइल उतरवून घ्या म्हणायचं असतं त्यांना. ज्यांच्या लॅपटॉपची डिस्क लहान आहे आणि फायली मागितल्यावरच खाली उतराव्यात अशी अपेक्षा आहे त्यांना. इथे फोल्डर घेतलं की वगळलेलं सोडून ते पूर्ण घ्यावं लागतं. आणि हे म्हणजे बॅकअप झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी तर थांबावंच. माळ्यावरच्या डिस्कची एक प्रत मी आरसिंकनं वेगळ्या डिस्कवर घेते आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं १९९६ चं हे काम आजही तोडीस तोड आहे. फक्त उगमाच्या रस्त्याशेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. आधी छोटा एन देऊन कोरडी तालीम घ्यावी.

सध्या लावत असाल तर दुसरी आवृत्तीच घ्या, ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आधीपासून पहिली वापरत असाल, तर दुसरी पहिल्यांदा चालू होताना जुनी नोंदवही एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये उतरवून घेते. लहान मशीनवर याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. आणखी एक बदल आहे. पुसलेल्या फायलींची आठवण आता कायमची राहत नाही, पंधरा महिन्यांनी ती सोडून दिली जाते. त्याहून जास्त काळ बंद पडलेलं मशीन तसंच जोडलं तर जुन्या पुसलेल्या फायली पुन्हा उगवतील. असं मशीन जोडायचं झालं तर आधी त्याच्या सिंकथिंगमधून फोल्डर काढा, मग त्यावरच्या फायली पुसा, मग फोल्डर नव्यानं घ्या. आधी फायली पुसल्या आणि फोल्डर जोडलेलंच राहिलं, तर तुमचं पुसणंच बाकीच्या सगळ्या मशीनांवर जाईल.